पायरी चढावी लागलीच तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा मंगल प्रसंग. अशा वेळी वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान शहाजीराजांच्या बेंगळुरूतील वास्तव्यावर तरी बोलावे, असा आपल्याकडील संकेत आहे. कार्यवाहांनी दूरध्वनीवरून माझ्या भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘पोलिसांची चौकशी आणि नागरिकाचे हक्क’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, घरी सर्व कुशल आहे ना?”

आज मला जे सांगायचे आहे त्याचे मर्म कार्यवाहांच्या त्या प्रेमळ प्रश्नातच आहे. ‘पोलीस’ हा शब्द कानांवर पडला की आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाला प्रथम अब्रू आठवते. कायदा मागाहून आठवतो, आणि बहुधा आठवतही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहूनही वर्ज्य. म्हण खोटी नाही. पण ती पायरी चढण्याची वेळ आलीच तर काय करावे, हे ती सांगत नाही. आपण परमुलखात राहणारी माणसे. तेव्हा ही त्रुटी आपल्याला अधिक जाचते.

आरंभीच एक खुलासा करतो. मी वकील नव्हे. बी.ए. झालो, केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात लागलो आणि गेली तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारीत आलो. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. तो धडा मी कसा विसरलो, तेवढे सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या तेव्हा चोवीस वर्षांचा. येथे एका कंपनीत नोकरीला होता आणि तीन सोबत्यांसह भाड्याच्या घरात राहत होता. त्या सोबत्यांपैकी एकावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप आला. रात्री नऊच्या सुमारास पुतण्याला दूरध्वनी आला, “ठाण्यावर या.” त्याने मला कळविले आणि मी त्याच्याबरोबर गेलो. ते ठाणे कोणते आणि अधिकारी कोण हे मी सांगणार नाही. त्याचे आज प्रयोजनही नाही. कोणी मारहाण केली नाही, अपशब्द वापरला नाही. उलट चहा दिला. दोन तास बाकावर बसल्यानंतर चौकशी झाली. प्रश्न काही हिंदीत, काही कन्नडमध्ये. उत्तरे मोडक्यातोडक्या हिंदीत. बाजूला बसलेला एक जमादार ते सारे कन्नडमध्ये लिहून घेत होता. तीन पाने झाली. ती पुढे सरकवून अधिकारी म्हणाले, “सही करा.”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. “काका, काय लिहिलंय यात?” मला या शहरात येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती आणि कन्नड लिपीतील बसच्या पाटीपलीकडे माझी मजल नव्हती. घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी म्हणालो, “कर सही. घरी जाऊ.”

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावणे आले. सोबत्याने त्याच्याजवळ ठेवलेल्या पैशांच्या पिशवीविषयी विचारणा होती. पुतण्या म्हणाला होता की, तो सोबती कधीकधी आपली पिशवी याच्या कपाटात ठेवीत असे. त्या वाक्यात ‘पैशांची’ हा शब्द कोठून आला, हे आजवर कळलेले नाही. कदाचित कोणाच्या मनातही खोट नसेल. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्द घरंगळला असेल. पण त्या एका शब्दापायी आठ महिने हेलपाटे झाले. शेवटी त्याच्यावर कोणताही ठपका आला नाही. त्या काळात आम्ही प्रथमच वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण सही का केलीत? ती करायची नसते, असे कायद्यातच लिहिलेले आहे.”

त्या वाक्याने मला जितके शरमिंदे केले तितके त्या बाकावरच्या दोन तासांनीही केले नव्हते. त्यानंतर मी कायद्याची पुस्तके उघडली. त्यांतून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या सहीविषयी. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ लागू होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम तसाच राहिला. तपासादरम्यान पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर, तो देणाऱ्याची सही घेतली जाऊ नये, असे जुन्या संहितेचे कलम १६२ आणि नव्या संहितेचे कलम १८१ सांगते. मात्र पंचनामा किंवा नोटिशीची पोच हे कागद निराळे. त्यांवर सही मागितली जाते, आणि ती वाचून, समजून, तारीख घालून करावी. कोऱ्या कागदावर अथवा न समजणाऱ्या मजकुरावर सही करण्याचे बंधन कोणताही कायदा घालीत नाही.

दुसरी गोष्ट बोलावण्याची. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर तपास अधिकाऱ्याने लेखी आदेश काढावा, आणि तो आपल्या ठाण्याच्या अथवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यांपुरता, असे नव्या संहितेचे कलम १७९ म्हणते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठीपुढील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना घराबाहेर कोठेही बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यावे. स्वखुशीने ठाण्यावर जायचे असेल तर गोष्ट वेगळी. संशयित म्हणून हजर राहण्याची नोटीस कलम ३५ खाली निघते. ती नोटीस व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमातून धाडणे ही रीतसर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू. गप्प बसण्याचा हक्क म्हणजे कशालाच उत्तर न देण्याचा हक्क, अशी एक समजूत चित्रपटांनी रूढ केली आहे. आपला कायदा अधिक समतोल आहे. प्रकरणाशी संबंधित प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. परंतु ज्या उत्तरामुळे आपल्यावरच गुन्ह्याचा आरोप येण्याचा संभव आहे, ते उत्तर देण्याची सक्ती नाही. या सवलतीचे मूळ संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडात आहे: आरोप असलेल्या कोणाही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही.

हे संरक्षण केवळ न्यायालयातल्या पिंजऱ्यापुरते की ठाण्यातल्या खोलीतही? याचा खुलासा १९७८ साली झाला. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी ठाण्यावर बोलावून लेखी प्रश्नावली देण्यात आली. त्यांनी उत्तरे नाकारली आणि त्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात सांगितले की, हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होते. सक्ती केवळ लाठीची नसते, मनावर सतत आणलेले दडपणही सक्तीच होय. आणि स्त्रीला ठाण्यावर बोलावणे हाच मुळात कायद्याचा भंग होता. एके काळी राज्याचा कारभार हाकणाऱ्या बाईंना जर या हक्कासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, तर आपली काय कथा!

मौनालाही मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. तत्कालीन मुंबई राज्यातून गेलेल्या काठी कालू ओघड यांच्या खटल्यात, १९६१ साली, अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले की बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मनात जे आहे ते सांगण्याची सक्ती नाही. शरीराच्या खुणा दडविण्याची मुभा नाही. मोबाइलचा परवलीचा शब्द या दोहोंच्या सीमेवर आहे. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की, पोलीस तो मागू शकतात. नकार मिळाल्यास त्यांनी न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट मिळवावे. या मुद्द्यावर देशातील न्यायालयांत अजून एकवाक्यता झालेली नाही.

बंधुभगिनींनो, मनातले काढून घेण्याच्या या प्रश्नाचा एक मोठा अध्याय आपल्या याच शहरात लिहिला गेला आहे. मडिवाळ्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे नाव एके काळी देशभर गाजत होते. संशयिताला सोडियम पेंटोथाल हे गुंगीचे औषध टोचायचे आणि अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारायचे, या नार्को चाचणीसाठी निरनिराळ्या राज्यांचे पोलीस आपापले संशयित घेऊन बेंगळुरूला येत. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणातील मुख्य आरोपी, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी, याचीही चाचणी येथेच झाली. तिची चित्रफीत पुढे दूरचित्रवाणीवर झळकली आणि घरोघरी लोकांनी ती करमणुकीसारखी पाहिली. त्याच प्रकरणातून निघालेल्या एका अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली या चाचण्यांना मान्यता दिली. त्याच वर्षी कोरमंगला पोलीस ठाण्याच्या एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयानेही तसाच कौल दिला. मात्र त्या प्रकरणातील सेल्वी नावाच्या बाईंनी हार मानली नाही. सहा वर्षांनी, ५ मे २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरविला: नार्को चाचणी, असत्यशोधक यंत्राची चाचणी अथवा मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीवाचून कोणावरही लादता येणार नाही, आणि संमती घ्यायची ती वकिलाच्या साहाय्यासह, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ हा निवाडा आज देशभर आधारासाठी वापरला जातो. सिल्क बोर्डच्या चौकात वाहनांच्या रांगेत खोळंबताना मला पुष्कळदा वाटते की, या कोंडीपासून हाकेच्या अंतरावर माणसाच्या मनाची कवाडे औषधाने उघडण्याचा उद्योग चालला होता, आणि ती कवाडे पुन्हा लावून घेणारा खटलाही याच भागातून गेला.

आता माझ्या पुतण्याच्या त्या तीन पानांकडे परत येतो. कारण त्या रात्री आमची खरी अडचण भाषेची होती. आपल्या मंडळाचा जन्मच भाषेच्या ओढीतून झालेला. म्हणून या संबंधातल्या दोन निवाड्यांची गोष्ट विस्ताराने सांगतो. दोन्ही महाराष्ट्रातून गेलेले आहेत.

पहिला १९६२ चा. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिशन नावाच्या गृहस्थांना प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटकेत टाकले. आदेश आणि कारणे इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत नव्हते. हिंदी भाषांतर द्या, म्हणजे माझे म्हणणे मांडता येईल, अशी त्यांनी विनंती केली. ती नाकारण्यात आली. कागद देताना अधिकाऱ्याने तोंडी अर्थ सांगितला होता, तेवढे पुरे, असा सरकारचा पवित्रा. मुंबई उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र विचारले की, जे माणसाला वाचता येत नाही ते त्याला कळविले असे कसे म्हणावे? लांबलचक कागदाचा एकदा कानांवरून गेलेला तोंडी अर्थ पुरेसा नाही; त्याला समजणाऱ्या भाषेत व लिपीत मजकूर हाती पडला पाहिजे. त्यांची सुटका झाली.

तो निवाडा स्थानबद्धतेपुरता होता. नेहमीच्या अटकेतही कारणे कळविण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला आहे. पण ती कशी व कोणत्या भाषेत, हे मोघमच राहिले. त्रेसष्ट वर्षे गेली. मुंबईत वरळी येथे २०२४ साली झालेल्या मोटार-अपघाताच्या खटल्यातून तोच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निर्णय दिला. गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, आणि ती अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत. तत्क्षणी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून पुढे लेखी द्यावीत. परंतु कोठडीच्या मागणीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी. हे पाळले नाही तर अटक व कोठडी बेकायदा. अमरावतीच्या सुपुत्राच्या कारकीर्दीत हा निर्णय झाला, याचे आपल्याला समाधान वाटणे साहजिक आहे. पण त्याचा अर्थ अधिक मोलाचा आहे. कानडी मुलखातल्या मराठी माणसाला, तसेच सोलापुरात राहणाऱ्या कन्नड माणसाला, “मला हे कळत नाही, मला कळेल अशा भाषेत लिहून द्या,” असे म्हणण्याचा अधिकार आहे. हे उद्धटपणाचे बोलणे नव्हे. तो संविधानाचा अन्वयार्थ आहे.

अनुच्छेद २२ चे नाव घेतले म्हणून आणखी एक आठवण देतो. संविधानाच्या पहिल्या मसुद्यात अटकेसंबंधीचा हा अनुच्छेद या रूपात नव्हता. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदावर संविधान सभेत पुष्कळ वाद झाला आणि त्यात संसदेला फारच मोकळीक राहिली, अशी टीका झाली. ती उणीव भरून काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी ही तरतूद सभेपुढे मांडली. कारण कळविणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, या तीन गोष्टी त्यांनी मूलभूत हक्कांत घातल्या. प्रवासाचा वेळ त्या चोवीस तासांत धरत नाहीत, एवढे ध्यानात असावे.

वकिलाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क नव्या संहितेच्या कलम ३८ ने अटक झालेल्याला दिला आहे; मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसून राहील, असे त्यात नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबच्या अपिलातही, २०१२ साली, त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने एक नियम घालून दिला: आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच क्षणी, वकील मिळण्याचा तुझा हक्क आहे, हे त्याला सांगणे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शत्रू म्हणून आलेल्या माणसाच्या निमित्ताने हा नियम झाला; त्याचा लाभ तुमच्याआमच्या मुलांना आहे.

अटक झालीच तर अधिकाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा व्हावा आणि त्यावर घरच्या अथवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी. आप्ताला किंवा मित्राला कळविले पाहिजे आणि तशी नोंद ठाण्यात झाली पाहिजे. वैद्यकीय तपासणी व्हावी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज काय, हे पोलिसांनी लेखी नोंदविल्यावाचून अटक करू नये. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती साठीपुढची अथवा व्याधिग्रस्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्या पत्रावरून १९८३ साली आदेश निघाला की, स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात आणि त्यांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. पुढे १९९६ च्या डी. के. बसू निवाड्याने अटकेचे अकरा नियम घालून दिले. डिसेंबर २०२० मध्ये तर प्रत्येक ठाण्यात, चौकशीच्या खोलीतही, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवावेत आणि ते चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवावे, असा आदेश झाला. बळजबरीची तक्रार असेल तर ते चित्रण न्यायालय मागवू शकते.

आता एक नवा धोका. आपल्याच परिवारातील एका वयोवृद्ध काकूंना मुंबईहून दूरध्वनी आला. बोलणारा अस्खलित मराठीत बोलत होता. “मावशी, आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. आपली डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका.” काकू मला नंतर म्हणाल्या, “इतक्या दिवसांनी कोणी इतक्या शुद्ध मराठीत बोललं, म्हणून माझा विश्वास बसला हो!” तास दीड तास त्या खुर्चीला खिळून होत्या. शेजारच्या कन्नड बाई विरजणाची वाटी परत द्यायला आल्या, काकूंचा चेहरा पाहून त्यांना संशय आला आणि त्यांनी यंत्र बंद केले. ठेव वाचली.

डिजिटल अटक नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हेच सांगितले. हे भामटे पोलिसी चौकशीचे सोंग आणतात, आणि खरी चौकशी कशी असते हे आपल्याला ठाऊक नसते, यावर त्यांचा धंदा चालतो. आतापर्यंत सांगितलेले नियम त्या सोंगाला लावून पाहा. लेखी नोटीस नाही. साठीपुढच्या बाईंना घरी येऊन भेटणे नाही. घरच्यांना कळविण्याऐवजी कळवू नका म्हणणे. वकिलाला मनाई. एकेक नियम म्हणजे भामट्याला ओळखण्याची एकेक खूण आहे. असा दूरध्वनी आला तर तो बंद करावा आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

येथे कोणी म्हणेल, “हे सारे हक्क गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडणार. निरपराध माणसाला त्यांची गरज काय?” हा प्रश्न मीही एके काळी विचारीत असे. याचे उत्तर इंग्रजांनीच १८७२ साली देऊन ठेवले आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा मानू नये, असे त्यांनी साक्षीपुराव्याच्या कायद्यात घातले, आणि आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. कैद्यांविषयीच्या कळवळ्यापेक्षा अनुभवाचा त्यात अधिक भाग होता. मारून मिळविलेली कबुली मार थांबविण्यासाठी दिलेली असते. तिच्यामुळे तपास थांबतो आणि खरा चोर मोकळा फिरतो. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर, दबावाखाली जुळविलेला ताळेबंद जुळलेला दिसतो, पण पैसे सापडत नाहीत.

पोलिसांविषयी माझ्या मनात अढी नाही. सणावाराला आपण आरास पाहत फिरतो तेव्हा ते रस्त्यावर उभे असतात. त्या रात्रीच्या अधिकाऱ्यालाही कदाचित तिसऱ्या रात्रीचे जागरण असेल. मी शांतपणे म्हटले असते, “साहेब, हे आम्हांला वाचता येत नाही, कृपया समजावून सांगा, आणि जबाबावर सही लागत नाही असे कायदा म्हणतो,” तर त्यांनी ऐकलेच नसते असे मला वाटत नाही. मी म्हटलेच नाही. अज्ञान माझे होते, आणि भीतीही माझीच.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्या वकिलांची यादी कार्यालयात असावी. अपरात्री कोणा एकट्या मुलाला वा मुलीला बोलावणे आले तर बरोबर जाणारे चार-पाच सभासद ठरलेले असावेत. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघरी जातो, मग हे का नको? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: मंडळाच्या सभागृहात कन्नडचे वर्ग सुरू व्हावेत. समजणाऱ्या भाषेत मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे खरे. पण ज्या गावाने आपल्याला पन्नास वर्षे ठेवून घेतले, त्याची लिपी वाचता येऊ नये, हे आपल्याला शोभत नाही. मी गेल्या वर्षापासून शिकू लागलो आहे. जोडाक्षरांशी अजून झगडा चालू आहे.

माझा पुतण्या ते प्रकरण मिटल्यावर पुण्याला गेला. बरीच वर्षे आमच्यात त्या रात्रीचा विषय निघाला नाही. गेल्या गणेशोत्सवात तो आला होता. आरती झाल्यावर पानावर बसलो असताना त्याने सहज विचारावे तसे विचारले, “काका, त्या रात्री तुम्ही मला सही करायला का सांगितलीत?” मी म्हणालो, “घाबरलो होतो रे.” तो म्हणाला, “मलाही तसंच वाटलं होतं. पण मला वाटलं, तुम्हांला माहीत असेल.”

घरातली लहान माणसे आपल्याला माहीत आहे असे समजून आपल्याकडे पाहतात. त्यांच्यासाठी तरी हे माहीत करून घ्यावे, एवढीच प्रार्थना करून आणि मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.